भिडेवरचा उतारा

स्वतंत्रपणे लेखन-अनुवाद करून पोट भरायचं ठरवलेली माणसं या धंद्यात मुरलेल्यांना पहिला प्रश्न विचारतात तो साधनांचा. लॅपटॉप कुठला घ्यावा, मराठीसाठी कळफलक कोणता बरा, शब्दकोश कुठले जवळ हवेत, हिशेबासाठी एखादं ॲप आहे का. प्रश्न रास्त आहेत. पण उत्तरादाखल हाती पडते ती एक लांबलचक यादी, आणि वर्ष सरेपर्यंत त्या यादीतली निम्मी साधनं धूळ खात पडलेली असतात. बरीच वर्षं हेच काम केल्यावर मला वाटू लागलं आहे की साधन निवडायची कसोटीच आपण चुकीची लावतो. आपण बघतो ते साधन कामाचा वेग किती वाढवतं. पण मराठीत लिहिणाऱ्याचे पैसे आणि दिवस बुडतात ते हात संथ चालतो म्हणून क्वचितच. ते बुडतात भिडेपायी. दर सांगायची भीड, मुदत वाढवून मागायची भीड, थकलेल्या पैशांचा तगादा लावायची भीड, आणि ग्राहकाने एखादा शब्द चूक ठरवला की तो बरोबर आहे हे सांगायचीही भीड. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. म्हणून माझी कसोटी एवढीच: जे आपल्याला तोंडाने म्हणवत नाही ते जे साधन आपल्या वतीने म्हणतं, ते उपयोगाचं. बाकीची साधनं ज्याच्या-त्याच्या हौशीचा भाग.

या भिडेचं मूळ आपल्या शब्दांतच सापडतं. सुताराला मजुरी, वकिलाला फी, घरमालकाला भाडं आणि लेखकाला मानधन. मजुरी मागता येते, भाडं थकलं तर दार वाजवता येतं. मान मात्र मागायचा नसतो, तो दिला जातो. धनाच्या आधी मान लावला की धन मागणारा आपोआप हलका ठरतो. मग 'फूल ना फुलाची पाकळी' आणि 'पत्रंपुष्पं' ही भाषा येते, आणि पाकिटात काय आहे ते घरी गेल्यावर कळतं. काम सांगणारा फोन येतो तोही ठरावीक वाक्यांनी: तुमच्यासाठी तासाभराचं काम आहे, फक्त एक नजर टाकायची आहे, यंदा बजेट जरा कमी आहे पण पुढे पुष्कळ काम निघेल. यात फसवणूक असतेच असं नाही. बऱ्याचदा समोरच्यालाही पैशाचं बोलायची तितकीच भीड वाटत असते. दोघंही आकडा टाळतात, काम सुरू होतं, आणि आकडा ठरतो तो मजकूर हवाली झाल्यावर. सौदा करण्याजोगं लेखकाच्या हातात जे काही होतं ते त्या घडीला दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये गेलेलं असतं.

म्हणून पहिलं साधन फुकटचं आहे: कामाला हात घालण्याआधी पाठवायचा चार ओळींचा ईमेल. 'आपलं फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे' अशी सुरुवात करायची आणि पुढे काम कोणतं, दर किती आणि कशावर, मुदत कधीची, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, पैसे किती दिवसांत, हे लिहायचं. मोठं काम असेल तर विसार किती तेही. शेवटी 'यात काही बदल असल्यास कळवावं, म्हणजे काम सुरू करतो'. यातला 'कशावर' हा शब्द अनुवादकाने कधीही गाळू नये. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात. 'घरासमोरच्या' हा आपला एक शब्द. तेवढंच इंग्रजीत सांगायला पाच शब्द लागतात. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत आलेल्या मजकुराची शब्दसंख्या मुळापेक्षा सहसा कमी भरते, मराठीतून इंग्रजीत जाताना उलटं होतं. दर मूळ मजकुराच्या शब्दांवर की अनुवादाच्या, हे आधी लिहिलेलं नसेल तर बिल निघताना ग्राहक त्याच्या सोयीचा आकडा धरतो, आणि त्याचंही काही चुकत नाही, कारण ठरलेलं काहीच नसतं. मूळ मजकुरावर दर लावण्यात आणखी एक सोय आहे. रक्कम किती होणार ते काम सुरू होण्यापूर्वीच दोघांनाही दिसतं, आणि अनुवादकाने शब्द वाढवले अशी शंका यायला जागा राहत नाही.

दुसरं साधन वही. तिला ॲप म्हणा, स्प्रेडशीट म्हणा, वाण्याच्या दुकानातली लाल कापडी बांधणीची म्हणा. तारीख, काम, तास आणि रक्कम एवढे चार रकाने पुरतात. भीड फक्त दुसऱ्यांची नसते, स्वतःचीही असते: आपण किती स्वस्तात राबतो हे स्वतःला सांगायची. समजा, दीड हजार शब्दांचा लेख शब्दाला एक रुपया दराने घेतला. पंधराशे रुपये ऐकायला बरे वाटतात. आता वहीत वाचनाचे तीन तास, लेखनाचे पाच, दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांचे दोन, आणि फोन, निरोप, बिल, पुन्हा निरोप यांचे दोन असे एकूण बारा तास मांडले की तासाला सव्वाशे रुपये पडतात. त्यातून वीज, इंटरनेट आणि बिनकामाचे दिवस वजा करायचे आहेतच. हा हिशेब डोक्यात कधी होत नाही, कारण डोकं फक्त लेखनाचे पाच तास मोजतं. कागदावर केला की दोन गोष्टी उलगडतात. कुठला ग्राहक दर कमी देऊनही परवडतो, कारण तो दुरुस्त्या एकदाच आणि नेमक्या सांगतो. आणि कुठला चांगला दर देऊनही महाग पडतो. जुनी माणसं हे सारं अनुभवाने ओळखतात असं म्हणतात. तो अनुभव यायला दहा वर्षं लागतात, वहीला सहा महिने.

तिसरं साधन बिल, आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला कायदा. 'जरा पैशांचं बघाल का' या निरोपाला 'हो, बघतो' हे उत्तर येतं. क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, पॅन, बँकेचा तपशील आणि देय तारीख असलेलं बिल मात्र कुणाला तरी नोंदवून घ्यावंच लागतं. हिशेब विभागातल्या माणसाची आपल्याशी ओळख नसते, त्यामुळे भीडही नसते. त्याला फक्त कागद हवा असतो. अनुवाद, संपादन, जाहिरातीचा मजकूर अशा सेवा देणाऱ्याला सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करता येते. जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन, एक पैसाही न भरता होते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी देणं ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही, आणि लेखी काहीच नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराची बाजूही जोडली गेली आहे: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं या मुदतीत चुकतं केलं नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत ती रक्कम खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही. व्याजासाठी भांडायला कुणी जात नाही हे खरं. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली की मार्चअखेरीला ते बिल ढिगाच्या वर येतं. नोंदणी मात्र काम करण्याआधीची हवी. पैसे अडकल्यावर धावपळ करून ती मागच्या बिलांना लागू होत नाही.

कराचंही तसंच. व्यावसायिक शुल्काची एका देणाऱ्याकडून मिळणारी वर्षाची रक्कम मर्यादेपुढे गेली की १० टक्के कर मुळातच कापला जातो. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजारांवर गेली. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्क्यांची. 'कमी पैसे आले' असं वाटून कुढत बसणारे आणि विचारायची भीड वाटणारे पुष्कळ असतात. खरं तर कापलेला कर आपल्या पॅनच्या खाती जमा झाला का, हे प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत पाहता येतं, आणि विवरणपत्र भरल्यावर जास्तीचा परतही मिळतो. कापला पण भरलाच नाही, असंही घडतं. तेव्हा विचारायला आपल्या हातात अंदाजाऐवजी छापील नोंद असते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांची आहे, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना त्या वाटेला जावंच लागत नाही.

सर्वांत महागात पडणारी भीड सहीची. 'नेहमीचाच मसुदा आहे, इथे सही करा' असं म्हटल्यावर समोर बसून वाचत राहणं आपल्याला अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदा ही भीड जणू गृहीत धरून लिहिलेला आहे. नोकरीतलं आणि सरकारसाठी केलेलं लेखन असे अपवाद सोडले तर लेखनाचा पहिला मालक लेखक. सांगून करवून घेतलं, पैसे दिले, एवढ्याने हक्क देणाऱ्याकडे जात नाहीत; त्यासाठी लेखकाच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच गेले असं कायदा धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. घेतलेले हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर. म्हणजे करार जिथे मुका असतो तिथे कायदा बऱ्याच अंशी लेखकाच्या बाजूने बोलतो. पण 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे' असं लिहिलेल्या ओळीखाली आपण सही केली की त्यालाही फारसं बोलता येत नाही. म्हणून या कायद्याची १७, १८ आणि १९ ही तीन कलमं छापून टेबलाच्या खणात ठेवावीत. 'घरी नेऊन वाचतो, दोन दिवसांत देतो' हे एक वाक्य त्यांच्या जोरावर सहज निघतं.

आता भाषेची साधनं. इथे भीड वेगळ्या रूपात भेटते. ग्राहकाच्या कचेरीत प्रत्येकाची मातृभाषा मराठी असते, त्यामुळे प्रत्येकाला मत असतं. 'हा शब्द कुणी वापरत नाही' किंवा 'आमच्याकडे असं म्हणत नाहीत' या शेऱ्यांवर 'मला तर बरोबर वाटतं' एवढंच उत्तर असेल, तर जो पैसे देतो त्याचं मत वरचढ ठरणार. 'कोशात बघू' म्हटलं की वाद दोन माणसांमधला राहत नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाची १८५७ ची वाढवलेली आवृत्ती, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड, हे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतात. शासकीय आणि शास्त्रीय परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले चार. मोल्सवर्थ आजच्या भाषेसाठी जुना पडतो आणि परिभाषा कोशातले काही शब्द कोशाबाहेर पडलेच नाहीत, हे मान्य. पण आधार जुना असला तरी त्याच्यापासून चर्चा सुरू होते, आवडीनिवडीपासून नाही.

कोशाइतकंच मोलाचं, आणि जवळजवळ कुणी न ठेवणारं, साधन म्हणजे प्रत्येक ग्राहकासाठी एक पानाचं शैलीपत्रक. 'असं' की 'असे', 'मोबाइल' की 'मोबाईल', संकेतस्थळ की वेबसाइट, आकडे कोणत्या अंकांत, वाचकाला 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण'. एकदा पाठवून संमती घेतली की तिसऱ्या फेरीत उगवणारे निम्मे बदल उगवतच नाहीत, आणि उगवले तरी नवं काम म्हणून मोजता येतात. टंकलेखनाचंही एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे उमटवला जातो. काही कळफलक त्यासाठी वेगळा नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पण एका प्रकाराने शोध घेतला तर पुष्कळ सॉफ्टवेअरांत दुसऱ्या प्रकारचे शब्द सापडत नाहीत. मग तीनशे पानांच्या पुस्तकात 'सगळीकडे बदललं' असं सांगितलेली दुरुस्ती निम्म्या ठिकाणी झालेली नसते, आणि बोल लागतो संपादकाच्या नजरेला. छापखान्यांत अजून वापरात असलेल्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांची कथा आणखी मोठी: तिथला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हांचा ढीग उरतो, आणि तो परत वळवताना जोडाक्षरं हमखास बिघडतात. हे धोके ठाऊक असणं आणि 'रूपांतरानंतरचं मुद्रितशोधन वेगळं आकारलं जाईल' ही ओळ पहिल्या ईमेलमध्ये असणं, एवढ्याने आठवडाभराचं फुकट काम वाचतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मराठी प्रकाशनव्यवहार माणसांवर चालतो, कागद पुढे केले की संबंध बिघडतात, छोट्या जगात 'हा फार व्यवहारी आहे' असा बोभाटा होतो. यात तथ्य आहे. इथे कामं ओळखीतून येतात आणि ओळख जपावी लागते. पण संबंध कशाने बिघडतात ते नीट पाहावं. 'मी असं म्हणालोच नव्हतो' या वाक्याने बिघडतात. तोंडी बोलणं दोघंही आपापल्या सोयीने आठवतात, आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात. चार ओळी लिहिलेल्या असल्या की कुणालाच खोटं पडावं लागत नाही. दुसरं असं की काही ठिकाणी खरोखरच पैसे नसतात. १९०९ मध्ये 'मनोरंजन'पासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा, लहान नियतकालिकं, चळवळींची प्रकाशनं, यांतला मोठा भाग लेखकांच्या पदरमोडीवर उभा राहिला आहे. तिथे फुकट लिहू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. मात्र तेही वहीत लिहावं: काम अमुक, तास नऊ, रक्कम शून्य, स्वखुशीने. दिलेलं दान आणि मागता न आलेले पैसे बँकेच्या पासबुकात सारखेच दिसतात. वहीत ते वेगळे दिसतात. वर्षाला असे किती तास द्यायचे हे एकदा ठरवलं की पुढच्याला 'यंदाचा वाटा संपला' असं सांगता येतं, आणि ते खरंही असतं.

दुसरा आक्षेप आजचा आहे. यंत्र क्षणात अनुवाद करतं, लेखही लिहून देतं. मग कोश, शैलीपत्रक आणि दरपत्रक घेऊन बसलेल्या माणसाला विचारतो कोण? काही कामं गेली आहेत, आणखी जातील, हे आधी कबूल करायला हवं. पण जे काम येतं त्याचं नवं रूप पाहिलं तर भिडेचा प्रश्न वाढलेलाच दिसतो. आता फोन येतो तो 'मशीनने केलंय, फक्त नजर टाका' असा, आणि दर सांगितला जातो पाव. इंग्रजीतल्या 'वुई'चं मराठीत 'आपण' करायचं की 'आम्ही', हे वाक्यात नसतं, कोण कुणाशी बोलतंय त्यावर ठरतं. विमा कंपनीच्या पत्रात 'आपण हप्ता भरू' असं आलं तर ग्राहकाला वाटेल कंपनीही वाटा उचलणार आहे. यंत्र कधी बरोबर ओळखतं, कधी नाही, आणि चुकलेलं वाक्यही इतकं गुळगुळीत असतं की चूक शोधायला प्रत्येक वाक्य मुळाशी ताडून पाहावं लागतं. त्या ताडून पाहण्याला वेळ लागतो, म्हणून अशा कामाचा दर शब्दांवर नको, तासांवर हवा. तो पटवून द्यायला पुन्हा वहीच लागते: मागच्या तीन कामांत हजार शब्द तपासायला प्रत्यक्ष किती वेळ गेला, याची नोंद. यंत्र मसुदा देईल. त्या मसुद्याखाली जबाबदारीची सही कोण करणार आणि तिची किंमत काय, हे त्याला ठरवता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: या साधनांनी काम मिळत नाही. मान्य. ईमेल, वही, बिल, कलमं, कोश, शैलीपत्रक ही सगळी आलेलं काम धड पार पाडायची साधनं आहेत. आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचा एक क्षण नेहमी उरतो. फोनवर समोरचा विचारतो, 'तुमचं कसं असतं?' दरपत्रक समोर असतं, वहीने आकडा पक्का केलेला असतो, तो आपण सांगतो. मग पलीकडे दोन-तीन सेकंद काही ऐकू येत नाही. बहुतेक वेळा तो माणूस नुसता मनात गुणाकार करत असतो. पण ती शांतता आपल्याला सोसत नाही, आणि तोंडातून निघून जातं, 'पण तुम्ही म्हणाल तसं.' एवढ्या चार शब्दांत वही, कायदा आणि कोश तिन्ही वाया जातात. त्या दोन-तीन सेकंदांसाठी बाजारात अजून कुठलंच साधन आलेलं नाही. आकडा सांगून झाला की गप्प बसायचं असतं, आणि ते ज्याचं त्यालाच शिकावं लागतं.